पाय वर असताना

घैसासांच्या घरात एक नियम होता. अख्ख्या हडपसरात असा नियम दुसऱ्या घरात सापडायचा नाही, पैज लावा. रिगचे पाय वर असताना सौमित्रला वाईट बातमी सांगायची नाही. आजी पडली, पाइप फुटला, कुणाला दवाखान्यात नेलं, काहीही होवो. पाय वर आहेत ना? मग तोंडाला कुलूप. पाय खाली टेकले, लॉक झाले, की मग काय ते रडा.

नियम केला गोपाळकृष्ण घैसासांनी. त्यांच्या बायकोनं, मंदाकिनीबाईंनी, तो पहिल्या दिवसापासून नावं ठेवत ठेवत पाळला. "समुद्रात त्याच्या रिगचे पाय वर, म्हणून मी इथं जमिनीवर गप्प बसायचं. वा रे वा, काय न्याय!" असं म्हणायच्या, आणि गप्प बसायच्या.

आता हे पाय कसले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही काय भानगड. सौमित्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मुंबईच्या समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या एका रिगवर नोकरीला. रिग म्हणजे एक मोठं लोखंडी धूड आणि त्याला तीन पाय, एकेक पाय तीस-चाळीस मजली इमारतीएवढा. कामाच्या जागी पोचलं की पाय समुद्राच्या तळात रोवायचे आणि त्यांच्याच आधारानं सगळं धूड लाटांच्या वर चढवायचं. काम संपलं की धूड पाण्यावर उतरवायचं, पाय वर ओढायचे, आणि टगबोटींनी पुढच्या जागी ओढत न्यायचं. हे पाय वर-खाली करणाऱ्या यंत्रापुढच्या खुर्चीत सौमित्र बसायचा. ती चढ-उतर चालू असते तेव्हा रिगवरची सगळी माणसं त्या एका खुर्चीच्या भरवशावर असतात.

आणि बापानं काय केलं? तर पुण्यातल्या एका कंपनीत बसून नोकरीची सगळी वर्षं रिगच्या पायांचीच ड्रॉइंग काढली. त्यातही दोनच गोष्टी, गाइड आणि चॉक. पाय ज्यातून सरकतो ती गाइड. दुकानाचं शटर दोन पट्ट्यांतून वर-खाली होतं ना, तसं. थोडी फट हवीच. नसली तर पाय अडकतो, जास्त झाली तर डुलतो. आणि चॉक म्हणजे कुलूप. पायाच्या कडेला खालपासून वरपर्यंत लोखंडी दात असतात. त्या दातांत नेमका बसेल असा दातेरी ठोकळा बाजूनं सरकवायचा आणि आवळायचा. तो बसला की पाय आणि रिग एकजीव झाले, मग वादळ येवो नाहीतर आणखी काही. पण दातासमोर दात आला तर ठोकळा बसत नाही. "आणि तिथं जबरदस्ती करायची नसते," गोपाळकृष्ण सांगायचे. "पाय दुखावतो. दुखावलेला पाय कधी दगा देईल, सांगता येत नाही."

हे सगळं सांगणारा माणूस स्वतः घारापुरीच्या बोटीत ओकला होता. रिग त्यांनी जन्मात कधी पाहिली नाही. "पाहायची काय गरज?" म्हणायचे. "मी ती काढलीय."

घरातली भाषाही मग तशीच झाली. कुकरचं झाकण लागलं की "दात बसले". पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा फोनवर पहिला प्रश्न, "दात बसले का?" मंदाकिनीबाई कपाळाला हात लावायच्या. "माझा नवरा आयुष्यभर पायांची चित्रं काढतो," त्या सांगायच्या, "आणि घरी माझे पाय दुखतात ते त्याला दिसत नाहीत."

नियम मात्र त्यांच्याच एका फोनामुळे आला होता. सौमित्र तेव्हा रिगवर नवा होता. त्याचा लाडका मामा, श्यामसुंदर, चहा पिता पिता गेला. भाऊच तो, बाईंचं भान सुटलं. रडत रडत मुलाला फोन लावला. तिकडे नेमके पाय हलवायची तयारी चाललेली. सौमित्रनं फोन ठेवला, डोळे पुसले, खुर्चीत बसला, आणि एका पायाचा चॉक मागे घ्यायचाच विसरला. कडी न काढता दार ओढलं म्हणा ना. दात चिरडले. ठोकळ्याचा एक टवका उडाला आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा. पण सौमित्र घरी आला तो वडिलांसमोर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

गोपाळकृष्ण मुलाला रागावले नाहीत. रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोला म्हणाले, "मंदा, यापुढं पाय वर असताना त्याला वाईट काही सांगायचं नाही. मी मेलो तरी."

"शुभ बोला हो जरा," बाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून तो टवका त्यांच्या मनात घुसून बसला तो बसला. माझ्या एका फोनानं कुणाच्या तरी लेकराचं डोकं फुटलं असतं. हे त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत.

यंदाच्या थंडीत गोपाळकृष्णांचं हृदय थकलं. सौमित्र ड्यूटीवर निघाला तेव्हा ते काठी टेकत सोसायटीच्या फाटकापर्यंत त्याला सोडायला गेले होते. आणि त्यानंतर असे खचले की बोलायची सोय नाही. पाय सुजले, दम लागायला लागला, उताणं झोपवेना. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "इथं ठेवलंत तर नळ्या लावू. घरी नेलंत तर आपली माणसं तरी दिसतील." गोपाळकृष्ण म्हणाले, "नळ्यांची ड्रॉइंग मी कधी काढली नाहीत. घरी चला."

बाहेरच्या खोलीत खाट मांडली, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत ठेवलं. जवळच्या मांजरी गावाहून विमलाबाई यायला लागल्या, त्यांचं अंग पुसायला, कूस बदलायला. सून तनया खराडीच्या ऑफिसची नोकरी घरूनच करायला लागली. आतल्या खोलीत लॅपटॉपवर तिची मीटिंग चालायची आणि मधेच कानातलं काढून ती सासऱ्यांचा श्वास ऐकून जायची.

आणि हे सगळं सौमित्रला सांगायच्या आतच नेमकी रिग निघाली. जुन्या जागचं काम संपलं, पाय वर ओढले, टगबोटी लागल्या.

"आई, सौमित्रला सांगायला हवं," तनया स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत ना? मला हे असं लपवणं जमत नाही. रोज मेसेज करतो, बाबा कसे आहेत. मी काय, फाइन, फाइन लिहीत बसू?"

बाई काही बोलायच्या आत बाहेरून आवाज आला. दम लागलेला माणूस, पण कान शाबूत. "तनया! पाय वर आहेत."

"बाबा, अहो पण तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी असो नाहीतर पंतप्रधानांसाठी. नियम म्हणजे नियम."

विमलाबाईंनी उशी सरळ केली. "तात्या, पोरगं हाय तुमचं. परकं का हाय?"

"म्हणूनच," गोपाळकृष्ण म्हणाले, आणि बराच वेळ धापा टाकत राहिले.

मंदाकिनीबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. जित्याची खोड, दुसरं काय! असा राग आला त्यांना, की जाऊन त्यांचा चष्मा फेकून द्यावा. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की हा माणूस असाच अडून बसलेला असू दे, वर्षानुवर्षं, मी जन्मभर नावं ठेवीन.

त्याच संध्याकाळी सौमित्रचा फोन आला. गोपाळकृष्णांनी हात पुढे केला. "दे इकडे." मग विमलाबाईंना खूण केली, यंत्र बंद करा. घरघर ऐकू जाईल म्हणून. तोंडावरचा मास्क स्वतः काढला, दोन श्वास जमवले, आणि म्हणाले, "काय रे? कुठवर?"

आवाज असा, जसे काही आत्ताच पर्वतीवरून फिरून आलेत. बाई बघतच राहिल्या.

"उद्या सकाळी जागेवर, बाबा," तिकडून सौमित्र म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता. "जागा बेकार आहे. आधी दुसरी रिग उभी होती तिथं. तिच्या पायांचे खड्डे आहेत तळाला."

"मग सावकाश. पाय खड्ड्याच्या काठावर पडला की आत घसरतो. तिरका झाला की गाइडला एका बाजूनं घासतो, आणि दात..."

"आणि दात बसत नाहीत. माहितेय हो, बाबा."

"माहितेय तर घाई करू नकोस." गोपाळकृष्णांचे ओठ काळेनिळे दिसायला लागले होते. "बरं, ठेव. मला बातम्या बघायच्यात."

फोन बंद झाला आणि ते उशीवर कोसळले. मास्क लावला, यंत्र लावलं, तरी कितीतरी वेळ रंग परत येईना. मंदाकिनीबाई त्यांचे तळवे चोळत होत्या आणि रडत रडत त्यांना शिव्या घालत होत्या. "कुणी सांगितलं होतं एवढं नाटक करायला? कुणी सांगितलं होतं हो?"

"छान झालं ना पण?" गोपाळकृष्ण मास्कच्या आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र चित्र पालटलं. सकाळी तनयाच्या फोनवर सौमित्रचा मेसेज आला होता. पाय टेकवले, पण एक पाय काठावरून घसरला, गाइडला घासून अडकल्यासारखा झालाय, दात जुळत नाहीत. पुन्हा वर ओढून पुन्हा टेकवावा लागेल. ते होईस्तोवर हेलिकॉप्टर नाही, कुणाचं येणं नाही, कुणाचं जाणं नाही. मंदाकिनीबाईंनी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. एरवी यावर त्यांनी तासभर व्याख्यान दिलं असतं. आज नुसते छताकडे बघत होते.

जेवणवेळ टळून गेली. एक चमचा पेज घेतली, तीही ओघळली. तनया आत कामात होती, विमलाबाई कपडे वाळत घालत होत्या. खोलीत दोघंच.

"मंदा."

"काय हो?"

"बोलाव त्याला."

बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कुणाला?"

"सौमित्रला. बोलाव. मला बघायचंय त्याला."

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा, दुर्दैव. ज्या बाईनं आयुष्यभर त्या नियमाला नावं ठेवली, तिच्याच तोंडून निघालं, "अहो, पाय वर आहेत."

"खड्ड्यात गेले पाय!" गोपाळकृष्णांनी तिचं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडेनात. "खड्ड्यात गेला नियम. मला माझा मुलगा हवाय गं. सांग तिकडे, बाप मरतोय म्हणावं. बोटीनं धाडतील. काहीतरी करतील. पण सांग."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मंदाकिनीबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही. "सांगते," त्या म्हणाल्या. "आत्ता सांगते. तुम्ही शांत पडा."

गॅलरीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं आणि फोन लावला. सांगायचंच, असं ठरवूनच लावला, हे लक्षात घ्या. पहिला लागला नाही. दुसरा लागला.

"आई? पटकन बोल." सौमित्रचा आवाज बसला होता, घसा फाटल्यासारखा. मागे कुणीतरी इंग्रजीत ओरडत होतं. "सकाळपासून जागचा उठलो नाहीये. पाय निम्मा वर घेतलाय, गाइडला घासतोय. आता पुन्हा सोडायचा. बाबांना दे ना, एक विचारायचंय. दोन वाक्यांचं काम आहे."

बाईंनी तोंड उघडलं. शब्द अगदी ओठावर होता. आणि त्यांना तो टवका दिसला. कित्येक वर्षांपूर्वीचा, कधी न पाहिलेला, कुणाच्या तरी डोक्यावरून गेलेला. पाय निम्मा वर आहे. खुर्चीत माझा मुलगा आहे. मी आत्ता बोलले की त्याच हातांनी तो पुढचं बटण दाबणार. खाली माणसं असतील, त्यांनाही आया असतील. आणि त्या वेळी नशिबानं वाचलो. नशीब काय दर वेळी उभं राहतं?

फोन आत नेऊन नवऱ्याच्या कानाला लावावा, तर तो आवाज आता काही केल्या लपला नसता. एक "ये" म्हटलं असतं, की संपलं. इकडे आड, तिकडे विहीर.

"बाबा झोपलेत रे," त्या म्हणाल्या.

"झोपलेत?"

"हो. जेवले, आणि झोपले गाढ. उठवू का?"

"नको," सौमित्र म्हणाला. "नको उठवूस. ठेवतो मी."

बाई गॅलरीत कठडा धरून उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावर रिक्षा, दुचाकी, भाजीवाल्याचा भोंगा, सगळं रोजचं चाललं होतं. आपण काय करून बसलो हे त्यांना कळत होतं, नाही असं नाही. मरणाऱ्या नवऱ्यानं जन्मात एकदा काही मागितलं, आणि आपण ते दिलं नाही. आणि आता आत जाऊन त्याच्याशीही खोटं बोलायचं.

त्या आत गेल्या. "सांगितलं," त्या म्हणाल्या. "निघतोय तो."

गोपाळकृष्णांनी मान वळवली. "दात बसले?"

"बसले."

"लवकर बसले," ते म्हणाले.

तिरका अडकलेला पाय इतक्यात सरळ होत नाही, हे त्यांना नाही तर कुणाला ठाऊक? ते बायकोकडे बघत राहिले, कितीतरी वेळ. बाईंनी नजर खाली घातली नाही. घातली असती तर सगळंच उघडं पडलं असतं. मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांनी विश्वास ठेवला, की सगळं ओळखून मुकाट्यानं सोडून दिलं, हे मंदाकिनीबाईंना आता या जन्मी कळायचं नाही.

दिवेलागणीला ते गेले. फार त्रास झाला नाही. विमलाबाईंनी तोंडात पाणी घालायला तनयाच्या हातात चमचा दिला, ते पाणी आत गेलं की नाही, कळलं नाही.

तनया हुंदके देत होती. मग उठली आणि फोन हातात घेतला. मंदाकिनीबाईंनी तो काढून घेतला.

"आई, आता तरी!"

"पाय वर आहेत."

"बाबा गेलेत, आई! कळतंय का तुम्हाला? गेलेत ते!"

"म्हणूनच म्हणते," बाई म्हणाल्या. डोळे कोरडे, आवाज खरखरीत. "त्यांचं आता काय जायचं राहिलंय? जायचं असेल ते त्याचं."

तनयानं सासूकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी खचली असती. पण तिनं फोन मागितला नाही. शेजारीपाजारी आले, बर्फाची पेटी आली, कुणीतरी विचारलं, मुलाला कळवलं ना? बाई म्हणाल्या, "येतोय."

फोन वाजला तो सकाळी. बाईंनीच घेतला.

"आई, बसले," सौमित्र म्हणाला. "तिन्ही पाय. चॉक आवळून झाले." एरवी हे वाक्य तो ओरडून सांगायचा. आज अगदी सपाट आवाजात सांगत होता.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आता मी काय सांगते ते नीट ऐक..."

"हेलिकॉप्टर येतंय. मी त्यातच बसतोय. जुहूला उतरलो की टॅक्सी. दुपारपर्यंत पोचतो." तो थांबला. "तोवर बाबांना नेऊ नका."

बाईंनी अजून सांगितलंच नव्हतं. मग वाटलं, माझ्या आवाजावरून ओळखलं असेल. आईचा आवाज लपतो होय!

तो आला, अंगावर रिगवरचेच कपडे, दाढी वाढलेली, हातांना ग्रीसचा वास. वडिलांच्या पेटीजवळ उभा राहिला. रडला नाही. वैकुंठ स्मशानभूमीत गुरुजी सांगतील तसं सगळं केलं, सांगतील तिथं पाणी सोडलं, सांगतील तेव्हा वळून निघाला. संध्याकाळी घरी आल्यावर आंघोळी झाल्या, खाट होती त्या जागी पिठावर पणती ठेवली, शेजारच्यांनी पिठलं-भात आणून दिला. तनया थकून आत पडली. मग बाहेर फक्त आई आणि मुलगा, दोघं भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले.

बाईंना बोलायचं होतं, पण सुरुवात सापडेना. सौमित्रनंच केली.

"मला कालच कळलं होतं, आई."

"काय कळलं होतं?"

"तू म्हणालीस ना, झोपलेत. तेव्हाच." तो पणतीकडे बघत होता. "रिगचे पाय हलत असताना बाबा कधी झोपलेत? इतक्या वर्षांत एकदा तरी? कधीही फोन केला तरी पहिल्या रिंगला उचलायचे. तुला खोटं बोलायचंच होतं तर देवळात गेलेत म्हणायचंस. म्हणजे तेही पटलं नसतं म्हणा, ते देवळात कधी गेले?" तो हसला, आणि ते हसणं मध्येच फाटलं. "झोपलेत! मला वाटलं, गेलेच. मग वाटलं, नाही, अजून असतील, पण शेवटचं असणार. आणि समोर पाय निम्मा वर."

मंदाकिनीबाई त्याच्याकडे वळल्या. "म्हणजे... तुला माहीत असूनच तू..."

"तसाच चालवला. रात्रभर. एकेक दात मोजल्यासारखा."

"अरे, मग विचारलं का नाहीस मला?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. सांगितलं असतंस की मला खुर्चीतून उठावं लागलं असतं. माझ्याऐवजी बसणारा पोरगा नवखा आहे, तो पाय त्याच्या हातून सरळ झाला नसता." त्यानं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसं. "आणि मी म्हटलं, बाबांनीच सांगितलं असणार, सौमित्रला कळवायचं नाही म्हणून. दुसरं कोण सांगणार? स्वतःच्या मरणाला नियम लावणारा माणूस तो. मग मी कोण मोडणारा? शेवटपर्यंत पक्के निघाले ना गं?"

एवढं बोलून तो आईकडे बघायला लागला. हो म्हण, असं त्याचे डोळे सांगत होते. एवढ्या एका गोष्टीवर तो रात्रभर त्या खुर्चीत तग धरून बसला होता, हे बाईंना स्वच्छ दिसलं. हो म्हणायला काय लागतं? एक अक्षर. बाई खोटं बोलायला कालपासून शिकल्याच होत्या.

पण कुणासाठी आपण ते केलं? याच्या हातांनी काही वेडंवाकडं होऊ नये, याचं मन शांत राहावं, म्हणून. आणि ते तर एका शब्दात फुटलं होतं. नवऱ्याचं शेवटचं मागणं आपण ज्याच्यासाठी गिळलं, त्याला तर सगळं कळलंच होतं. फुकट गेलं सगळं. बाईंना हे कळलं आणि आतून काहीतरी सुटून पडलं, त्यांना ते अडवता येईना.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "पक्के नाही राहिले."

"म्हणजे?"

"तुला बोलाव म्हणाले. खड्ड्यात गेला नियम, म्हणाले. माझं मनगट धरून रडले. मी तुला फोन केला तो सांगायलाच केला होता, आणि तुझा आवाज ऐकला आणि..." पुढचं त्यांना बोलवेना. "तू त्यांना फोन दे म्हणालास. ते आत जागे होते. तुझीच वाट बघत होते."

सौमित्रनं हात लांबवून पणतीची वात पुढे सारली. मग त्यानं विचारलं, आणि त्यात राग नव्हता, राग असता तर बाईंना सोसला असता, "मग आपण दोघं कुणाचा नियम पाळत होतो, आई?"

मंदाकिनीबाईंनी मुलाचं डोकं ओढून मांडीवर घेतलं, त्या ग्रीसच्या वासासकट, आणि आवाज दाबायचंही त्यांना सुचलं नाही.

"तू नुसतं 'बाबा' म्हणाला असतास ना रे," त्या रडत म्हणाल्या, "तरी त्यांना पुरलं असतं. तेवढंसुद्धा मी त्यांना मिळू दिलं नाही."